जुन्या ठाण्यातलं दगडी घर: एका फुगलेल्या भिंतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मासुंदा तलावापासून चालत दहा मिनिटांवर, जुन्या ठाण्यातल्या एका अरुंद आळीत हे घर आहे. घरच्या मंडळींना दिलेल्या शब्दाप्रमाणे आळीचं नाव, आडनाव आणि कोणाचंही नाव इथे लिहीत नाही. मोजमापं आणि घटनाक्रम मात्र माझ्या नोंदवहीतून जसेच्या तसे घेतले आहेत. मी वास्तुविशारद आहे, याच शहरात वाढले. ऑगस्ट २०१९ मध्ये मला या घरात बोलावलं ते दुसरं मत द्यायला. पहिलं मत आधीच आलं होतं: घर पाडा.

तळमजला संपूर्ण दगडी. बाहेरच्या भिंती २७ इंच जाडीच्या. आळीकडच्या दर्शनी भिंतीला टाकीने घडवलेला काळा दगड, एकावर एक सरळ थरांत. बाजूच्या आणि मागच्या भिंती डबराच्या, म्हणजे न घडवलेल्या दगडांच्या, त्यांत घडीव दगड वापरलाय तो फक्त कोपऱ्यांना आणि दारं-खिडक्यांच्या कडांना. पुढे ओटी, आत माजघर, डाव्या हाताला देवघर, मागे स्वयंपाकघर आणि पडवी. वरचा मजला हलका: सागाच्या खांबांमध्ये विटांची भर, कडीपाटाची, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेली, जमीन आणि वर मंगलोरी कौलं. जुन्या ठाण्यात अशी मिश्र बांधणी एके काळी पुष्कळ होती. ओल आणि वजन झेलायला खाली दगड, वारा खेळायला वर लाकूड. ही विभागणी ज्याने कोणी केली त्याला आपला पावसाळा नीट ठाऊक होता.

घरात सगळे ठामपणे सांगत, की घर १८६५ सालचं. पुरावा म्हणून एक कौल दाखवत. त्यावर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या कारखान्याचा ठसा आणि खाली तेच साल. कौल खरं होतं, पण साल घराचं नव्हतं. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये, आणि पुढेही त्यांच्या कौलांवर स्थापनेचं हेच साल उमटत राहिलं. पहिल्या महायुद्धाच्या वेळी जर्मनांशी जोडलेले हे कारखाने ब्रिटिशांनी ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे कौलावरून एवढंच म्हणता येतं, की ते महायुद्धाच्या आधीच्या काळातलं आहे. शिवाय कौलं बदलता येतात, भिंती बदलत नाहीत. मी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. पण तारखेचा मोह बाजूला पडल्यामुळे पुढची चर्चा भिंतीबद्दल होऊ शकली, आणि ती तशी व्हायलाच हवी होती.

मालकी तिघांत. घरात राहणाऱ्या आत्या, तेव्हा वय ७८, तळमजल्यावर एकट्या. वरच्या मजल्यावर त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा, बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं. तिसरा हिस्सा मधल्या भावाच्या मुलीचा, ती ऐरोलीला राहते.

भिंत कशी बनलेली असते

हे समजल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२७ इंचांची दगडी भिंत म्हणजे २७ इंचांचा दगड नव्हे. बाहेरचा एक पापुद्रा, आतला एक पापुद्रा आणि मधल्या जागेत लहान दगड, चिपा आणि चुन्याची भर. दोन्ही पापुद्र्यांनी एकमेकांना धरून राहावं म्हणून ठरावीक अंतरावर एक लांब दगड आरपार बसवतात. काही गवंडी त्याला बंधदगड म्हणतात. हे दगड निघाले, की भिंत एक राहत नाही. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन बारीक भिंती होतात, आणि त्यांतली बाहेरची हळूहळू पोट काढते.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, दख्खनच्या पठाराचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. चांगल्या घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी जवळपास शिरत नाही. भिंतीत ओल चढते आणि उतरते ती दगडांमधल्या चुन्याच्या दर्जांमधून, म्हणजे सांध्यांमधून. पावसाळ्यात भिंत ओल घेते, दिवाळीनंतर दर्जांवाटे सुकते. ठाण्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. असल्या हवेत भिंत कोरडी ठेवणं शक्यच नसतं. तिला सुकायला वाट ठेवणं तेवढं आपल्या हातात असतं. ठाण्याचा किल्ला, आजचं मध्यवर्ती कारागृह, पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमाराला बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. दगड-चुन्याचे ते तट इतके पावसाळे अंगावर घेऊन उभे आहेत. तेव्हा ‘जुनं झालं म्हणून पडतंय’ हे उत्तर मला कधीच पुरेसं वाटत नाही.

अडचण

२०१९ च्या जुलैमध्ये, पाऊस धो धो कोसळत असताना, माजघराच्या नैऋत्येकडच्या भिंतीला आतून एक तिरपी चीर गेली. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून ती जमिनीकडे उतरत होती. बाहेरून पाहिलं तर भिंतीने पोट काढलेलं. मी ओळंबा लावला तेव्हा नऊ फुटांच्या उंचीत पावणेतीन इंच बाहेर. आतली ओल जमिनीपासून चार फुटांपर्यंत, रंगाचे पोपडे सुटलेले, पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेलं मीठ, हाताला लागत होता. वर कडीपाटाखालची एक तुळई भिंतीत शिरते तिथे काळी पडली होती.

३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. त्याप्रमाणे घरच्यांनी एका अभियंत्याला बोलावलं. त्याने हातोड्याचं यंत्र भिंतीवर टेकवून आकडे घेतले, तुळईचा फोटो काढला आणि अहवाल दिला: सी-१, म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडणं आवश्यक. अहवालामागोमाग नोटीसही आली. ज्या यंत्राने त्याने आकडे घेतले ते काँक्रीटच्या पृष्ठभागाची कठीणता सांगतं. भिंतीवर सिमेंटचा गिलावा होता, आकडे त्या गिलाव्याचे आले. आतल्या दगडांबद्दल, भरीबद्दल, बंधदगडांबद्दल त्या अहवालात एक ओळसुद्धा नव्हती. माणूस अप्रामाणिक होता असं मी म्हणत नाही. त्याला काँक्रीटच्या इमारती तपासायची सवय, आणि त्याच नजरेने त्याने हे घर पाहिलं. पण त्या कागदावर एका कुटुंबाचं घर जाणार होतं, म्हणून मला राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

मूळ दुखणं काय ते आत्यांशी बोलताना उलगडत गेलं. १९९४ मध्ये, गणपतीच्या आधी, ओल येते म्हणून आतून सिमेंटचा गिलावा केला आणि बाहेरून दर्जा सिमेंटने भरल्या. रेती खाडीची होती, हे आत्यांना पक्कं आठवत होतं, कारण तिच्यातले शिंपले त्या वेचून काढत. त्याच सुमाराला नैऋत्येच्या भिंतीतलं मागच्या बोळात उघडणारं दार कायमचं बुजवलं. मागच्या मोकळ्या जागेत लाद्या बसल्या. आणि आळीचा रस्ता? तो दर काही वर्षांनी नव्या थराने वर येत राहिला. जोतं मुळात तीन फुटांचं. आत्या लहानपणी ओटीवर चढायला चार पायऱ्या मोजत. मी गेले तेव्हा एक पायरी आणि वर जेमतेम एक टप्पा उरला होता. रस्त्यापासून ओटीची उंची १४ इंच.

म्हणजे पाणी येण्याच्या वाटा वाढल्या होत्या आणि जाण्याच्या बंद झाल्या होत्या. पंचवीस पावसाळे ती ओल भिंतीच्या पोटात कोंडून राहिली.

समोर असलेले मार्ग

ऐरोलीच्या घरी सगळे बसलो तेव्हा चार मार्ग टेबलावर होते.

पहिला पुनर्विकासाचा. एका विकासकाने तोंडी प्रस्ताव दिलेला होता. पण आळी अरुंद. किती बांधता येईल ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून, आणि रस्तारुंदीची रेषा ओटीवरूनच जाणारी. शेजारच्या प्लॉटसोबत एकत्र केल्याशिवाय हिशेब बसत नव्हता, आणि शेजारी तयार नव्हते. शिवाय जुन्या सागाच्या लाकडाला बाजारात चांगला भाव येतो, आणि प्रस्तावात ते लाकूड विकासकाच्याच वाट्याला ठेवलेलं होतं. हे मी दाखवून देईपर्यंत कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

दुसरा मार्ग काँक्रीटचा सांगाडा. दगडी भिंती तशाच ठेवून आतून खांब-तुळया उभ्या करायच्या आणि वजन त्यांच्यावर घ्यायचं. हा मार्ग भाच्याला पटत होता. त्याचा मुद्दा मी हलका लेखत नाही. तो म्हणाला, “आत्या, मुलं वर झोपतात. भिंतीत काय आहे ते मला दिसत नाही. खांब दिसेल.” रात्री पाऊस वाढला की उठून चीर बघायला जाणाऱ्या बापाचं ते बोलणं होतं. पण खांबांसाठी जोत्याशेजारी खोल खणावं लागणार होतं. फुगलेल्या भिंतीच्या पायाशी खणणं हाच मोठा धोका. आणि ओल तिथेच राहिली असती.

तिसरा मार्ग चुन्याने दुरुस्तीचा. सिमेंट काढायचं, भर पुन्हा बांधायची, बंधदगड घालायचे, पाण्याची वाट बदलायची. चौथा मार्ग काहीच न करण्याचा. तो कोणी बोलून दाखवला नाही, पण तिघांचं एकमत होत नसेल तर शेवटी तोच उरतो. जुन्या ठाण्यात कितीतरी घरं अशीच गेली.

निर्णयाची पहिली जागा: भिंत उघडून बघणं

त्या बैठकीत मी एकच मागणी केली. आज काहीच ठरवू नका. तुळईला धिरे, म्हणजे खालून टेकू, द्या, वरच्या मजल्यावरून मुलांना महिनाभर दुसरीकडे हलवा आणि मला भिंतीत दोन फूट बाय दोन फुटांची खिडकी पाडू द्या.

धिरे लागले. चिरेवर सहा ठिकाणी काचपट्ट्या चिकटवल्या, शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसल्या, आणि प्रत्येकीवर तारीख घातली. भिंत हलली तर काच तडकते. तीन आठवड्यांत सहापैकी दोन तडकल्या, दोन्ही खालच्या बाजूला, बुजवलेल्या दाराजवळ. उरलेल्या चार शाबूत. सगळं घर चाललेलं नाही, ३१ फुटांच्या भिंतीतला एक पट्टा चाललाय, असं त्या काचा सांगत होत्या.

मग खिडकी पाडली. गिलावा छिन्नीने सुटला तो सव्वा इंचाच्या ढलप्यांमध्ये, आणि प्रत्येक ढलप्याची आतली बाजू घामेजलेली. मागचे दोन दगड हलक्या हाताने काढले. भरीत हात घातला तर चुना राहिलाच नव्हता. ओल्या राखेसारखा भुगा मुठीत आला. वर, चार फुटांच्या पुढे, तीच भर इतकी घट्ट की लोखंडी सळई आत जाईना. एकच भिंत, एकाच काळातला चुना. फरक फक्त कोंडलेल्या ओलीचा. दार बुजवलं होतं त्या सात फुटांच्या पट्ट्यात एकही बंधदगड सापडला नाही. दार बुजवताना दोन्हीकडून विटांचा पडदा घालून मध्ये राडारोडा भरला होता.

तुळईच्या टोकात स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तीन इंच आत गेला. एक फूट अलीकडे तोच स्क्रूड्रायव्हर लाकडावर ओरखडासुद्धा उठवेना.

त्या दुपारी भाचा माझ्या शेजारी उभा होता. त्याने स्वतः तो भुगा हातात घेतला. नंतर तो काँक्रीटच्या खांबांबद्दल बोलला नाही. मला वाटतं, सगळ्या प्रकरणातला खरा निर्णय त्या दुपारी झाला. बाकी कागदपत्रं त्यामागून आली. दगडी बांधकामाचा अनुभव असलेल्या एका ज्येष्ठ अभियंत्याने नवा अहवाल केला, काचपट्ट्यांच्या नोंदी आणि उघडलेल्या भिंतीची छायाचित्रं जोडली. घराची वर्गवारी सी-१ वरून सी-२ए झाली: रिकामं करून दुरुस्ती. आत्या ऐरोलीला भाचीकडे गेल्या. भाच्याने कुटुंबासाठी घोडबंदर रस्त्यावर भाड्याने घर घेतलं.

काम

आधी पाण्याचं बघायचं, भिंतीचं नंतर, हा क्रम आम्ही ठरवला. नोव्हेंबरमध्ये छपराची फुटकी कौलं बदलली, पन्हळी नव्या लावल्या आणि मागच्या जागेतल्या लाद्या उखडून भिंतीलगत दीड फूट रुंदीचा चर खणून त्यात खडी भरली. चराला उतार देऊन पाणी गटाराकडे नेलं. आळीकडच्या बाजूला हे करता आलं नाही. तिथली जमीन घराची नाही.

गिलावा काढताना पहिल्याच दिवशी चूक झाली. वेळ वाचेल म्हणून ठेकेदाराने विजेचा ब्रेकर लावला. मी साइटवर नव्हते. संध्याकाळी पोचले तोवर देवघराच्या बाजूचे तीन दगड खिळखिळे झाले होते आणि एका घडीव दगडाची कड उडाली होती. दुसऱ्या दिवसापासून फक्त छिन्नी-हातोडा. काम तिप्पट दिवस चाललं.

याच कामात देवघराशेजारच्या भिंतीत विटांनी बुजवलेला एक कोनाडा निघाला. आतल्या कमानीला तेलकट काजळी, बोट फिरवलं तर आजही काळं व्हायचं. फोटो पाठवला. आत्यांचा लगेच फोन: “अगं, ही माझ्या आईची सांजवातीची जागा. मी म्हटलं कुठे गेली ती!” तो कोनाडा आम्ही धुतला नाही. चुन्याचा हात त्याच्या कडेपाशी थांबवला.

चुन्याचे मिस्त्री साताऱ्याकडचे, त्याआधी एका किल्ल्याच्या कामावर होते. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, पाण्यात विरवून हौदात ठेवली ती महिनाभर. मग वस्त्रगाळ करून सुरखी, म्हणजे विटांची पूड, आणि धुतलेली नदीची वाळू. खाडीच्या रेतीला मी हातही लावू दिला नाही, भिंतीवर लोणा आणणारं मीठ मुख्यतः तिच्यातूनच आलं होतं. वेगवेगळ्या प्रमाणांचे तीन नमुने मागच्या भिंतीवर लावून तीन आठवडे पाहिले. एक भाग चुना, एक सुरखी, दोन वाळू हे मिश्रण सर्वांत कमी तडकलं, तेच घेतलं. मिस्त्रींची स्वतःची परीक्षा वेगळी होती. थापीवर चुना घ्यायचे आणि थापी उलटी धरायचे. पडला तर पुन्हा मळायला परत.

जानेवारी २०२० मध्ये फुगलेला पट्टा उतरवायला घेतला. एका वेळी तीन फुटांपेक्षा जास्त रुंदी उघडायची नाही, वर धिरे, खाली प्रत्येक दगडावर खडूने नंबर. नंबरामुळे दगड परत आपापल्या जागी गेले. विटांचा पडदा आणि राडारोडा काढून तिथे पूर्ण जाडीची दगडी भिंत बांधली. बंधदगड नवे घडवले, २७ इंच लांब, आठ इंच रुंद, आठ इंच उंच. एकेकाचं वजन ८० किलोच्या घरात. पाथरवट बापलेक होते. नवा दगड खाणीतून आणण्याऐवजी जवळच पाडलेल्या एका घराचे जोत्याचे दगड त्यांनी पसंत केले, रंग आणि जात जुळते म्हणून. परांचीवर ते दगड चढवताना चार माणसं लागत. भिंतीच्या उरलेल्या भागात पोकळ्यांमध्ये चुन्याचं पातळ मिश्रण नळीने, खालून वर, थोडं थोडं सोडत गेलो.

तुळई पूर्ण बदलायचा विचार आधी होता. सुताराने ऐकलं नाही. “सतरा फूट लाकूड चांगलं आणि दीड फूट वाईट, मग सतरा फूट का फेकायचं?” त्याने कुजलेलं टोक कापून जुन्याच सागाचा तुकडा लांब तिरप्या सांध्याने जोडला, बोल्ट आरपार घातले. भिंतीत टोक बसवताना तिन्ही बाजूंनी बोटभर जागा मोकळी सोडली, म्हणजे लाकडाला ओला चुना चिकटणार नाही आणि हवा लागेल.

निर्णयाची दुसरी जागा: अर्धी भिंत आणि टाळेबंदी

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली. मिस्त्री आणि पाथरवट त्याआधी दोन दिवस गावी निघाले होते. फुगलेल्या पट्ट्याचा दगड बांधून झालेला होता, पण बाहेरच्या बाजूच्या दर्जा जवळपास निम्म्या रिकाम्या आणि आतला गिलावा शून्य. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पक्का होतो. सिमेंटसारखा चार आठवड्यांत मोकळा करत नाही. आणि त्याला सुरुवातीचे दिवस ओलं ठेवावं लागतं, पण मुसळधार पावसात सोडता येत नाही.

मे महिन्यात दोन पर्याय उरले. शहरात अडकलेल्या एखाद्या गवंड्याकडून रिकाम्या दर्जा सिमेंटने भरून घ्यायच्या, किंवा ताडपत्री बांधून पावसाळा काढायचा. सिमेंटचा पर्याय सोपा होता आणि फोनवर मला तो तिघांनीही सुचवला. मी नाही म्हटलं. चुकलं असतं तर दोष पूर्ण माझा होता, हे त्या रात्री मला स्वच्छ कळत होतं. भाच्याने परवानगी काढून, शेजारच्या दोन मुलांच्या मदतीने ताडपत्री बांधली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. ठाण्यात वाऱ्याने ताडपत्रीची वरची दोरी तोडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत भिंत भिजली. दहा फुटांच्या पट्ट्यातला कोवळा चुना दर्जांमधून ओघळून खाली आला. दगड हलले नाहीत. बंधदगड बसलेले होते म्हणून.

मिस्त्री परतले ते ऑक्टोबरमध्ये. तो दहा फुटांचा पट्टा पुन्हा केला. बाकी काम फेब्रुवारी २०२१ पर्यंत संपलं.

निकाल

काचपट्ट्या नव्याने लावल्या होत्या. पुढचे तीन पावसाळे त्यांतली एकही तडकली नाही. मागच्या आणि नैऋत्येच्या भिंतीतली ओल चार फुटांवरून फूटभरावर आली. दरवर्षी ऑगस्टमध्ये आणि फेब्रुवारीत खडूने रेघ मारून तारीख घालतो. आळीकडची भिंत मात्र अजून अडीच फुटांपर्यंत ओलावते. रस्ता उंच आहे तोवर तिच्यात फार फरक पडेल असं मला वाटत नाही.

खर्च आम्ही धरला होता त्याच्या दीडपट झाला. यात दुसऱ्यांदा केलेलं काम आलं, वर्षभराचं भाडं आलं. चुन्याची दुरुस्ती स्वस्त पडते असं मी आता कोणाला सांगत नाही.

आत्या मार्च २०२१ मध्ये परत राहायला आल्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी कोनाड्यात दिवा ठेवला. वरचं कुटुंब परत आलं नाही. मुलांच्या शाळा घोडबंदर रस्त्याकडे झाल्या, तिकडेच त्यांनी घर घेतलं. भाचा दर रविवारी येतो, पन्हळी साफ करतो. वरचा मजला रिकामा आहे, आणि रिकामं घर लवकर बिघडतं, ही काळजी मला भिंतीपेक्षा जास्त आहे.

वेगळं काय करता आलं असतं

चुन्याचं काम जानेवारीत सुरू करणं ही माझी चूक. कागदपत्रांत वेळ गेला हे खरं, पण चुनकळी विरवायला तर ऑक्टोबरमध्येच ठेवता आली असती. दसऱ्याच्या आसपास हात घालून होळीच्या आत उरकायचं, हे जुन्या गवंड्यांचं वेळापत्रक. ते पाळलं असतं तर टाळेबंदीच्या आधी भिंत पुरी झाली असती.

ब्रेकर साइटवर आणायचाच नाही, हे ठेकेदाराच्या करारात लिहायला हवं होतं. मी तोंडी सांगितलं होतं.

तिघा हिस्सेदारांत खर्चाची वाटणी आधी लेखी झाली नाही. दीडपट खर्च आल्यावर ऐरोलीच्या भाचीने तिच्या वाट्यापेक्षा जास्त भरलं. आजवर त्याचा हिशेब झालेला नाही आणि सणासुदीला तो जाणवतो. दगडाचं आणि चुन्याचं मला कळत होतं, हे मला कळलं नाही. एखाद्या वकिलाकडून चार पानांचा करार पहिल्या महिन्यातच करून घ्यायला सांगायला हवं होतं.

घराचे पूर्ण नकाशे आम्ही काम सुरू झाल्यावर काढले. मागची पडवी तोवर उतरवून झाली होती, कारण ती मोडकळीला आली होती. तिच्या जमिनीत शेणाने सारवलेल्या थराखाली चुन्याचा कोबा होता असं आत्या सांगतात. मोजून ठेवला नाही.

आणि वरच्या मजल्याचा विचार आम्ही फक्त बांधकाम म्हणून केला. तिथे कोण राहणार, कसं राहणार, मुलांना अभ्यासाला जागा, न्हाणीघर, उन्हाळ्यात कौलांखालची उष्णता, हे भाच्याच्या बायकोला कोणी विचारलंच नाही. मीही नाही. तिने नंतर मला शांतपणे सांगितलं, “ताई, भिंतीला किती वेळा हात लावून बघितलंत. आम्हाला एकदा विचारलं असतंत तर आम्ही कदाचित आलो असतो.” आता वर एक न्हाणीघर आणि छपराखाली लाकडी तक्तपोशी असा आराखडा तिच्याबरोबर बसून केला आहे. भाड्याने द्यायचं की पुढे मुलांनी वापरायचं, ते ती ठरवणार आहे. पाण्याचे नळ कुठून न्यायचे यावर काम अडलंय. दगडी भिंतीतून एकही नळ न्यायचा नाही, एवढं दोघींचं ठरलंय.